बारीक, पिंजारलेले केस आणि एक्स्टेन्शन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचा केस मुळात बारीक आहे आणि हवा जरा दमट झाली की पिंजारतो, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. एक्स्टेन्शनबद्दलचे, म्हणजे लांबी किंवा घेर वाढवायला वरून जोडायच्या केसांबद्दलचे, बहुतेक सल्ले जाड, दणकट केस डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. आपल्या केसांवर ते बरेचदा उलटे पडतात.

बारीक केस आणि विरळ केस एकच ना?

नाही, आणि सगळं घोडं इथेच अडतं. बारीक म्हणजे एकेका केसाची जाडी कमी. विरळ म्हणजे डोक्यावर केसांची संख्याच कमी. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. केसाची जाडी ५०-६० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली असली तर तो ढोबळमानाने बारीक, ८०च्या वर गेली तर जाड. घरी तपासायचं तर गळालेला एक केस चिमटीत धरून फिरवून बघा. बोटांना काही जाणवलंच नाही तर बारीक. विरळपणा बघायला कोरडे केस नेहमीसारखे सोडा आणि आरशात बघा, भांग न पाडताही टाळू दिसते का.

बारीक पण दाट केस असतील तर जवळजवळ सगळे पर्याय खुले आहेत, फक्त वजन सांभाळायचं. बारीक आणि विरळ दोन्ही असतील तर जोड लपवायला वर केसच नसतात. अशा वेळी कायमस्वरूपी जोडापेक्षा क्लिप बरी.

बारीक केस चपटे बसतात म्हणतात. मग माझे पिंजारतात का?

केस हवेतला ओलावा शोषतो. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि नव्या जागी पुन्हा जुळतात. त्यामुळे सकाळी ड्रायरने बसवलेला आकार दुपारपर्यंत मोडतो. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेल्यावर केसाची लांबी सुमारे २ ते २.५ टक्क्यांनी वाढते. हे इतकं भरवशाचं आहे की जिनिव्हाचे शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक तयार केला आणि १७८३ साली त्यावर ग्रंथच लिहिला. थोडक्यात, तुमचे केस बिघडलेले नाहीत, हवामान सांगताहेत.

बारीक केसाला स्वतःचं वजन नसतं, म्हणून तो वाकडा झाला की खाली बसत नाही, उभा राहतो. त्यात भांगाजवळचे नवीन छोटे केस, ब्लीच किंवा इस्त्रीने तुटलेले केस आणि कोरड्या हवेतली स्थिर वीज यांची भर पडते.

एक शक्यता मात्र तपासून बघाच: तुमचे केस फ्रिझी, म्हणजे पिंजारणारे, नसून लहरी असतील. धुतल्यावर कंडिशनर असतानाच गुंता काढा, मग कंगवा न लावता, हात न लावता वाळू द्या. वाळल्यावर बटा आपोआप लहरींत जमल्या तर केस मुळात वेव्ही आहेत आणि कोरडेपणी विंचरून तुम्ही त्या लहरी रोज मोडताय. हे आधी कळलं तर सरळ एक्स्टेन्शनवर पैसे वाया जात नाहीत.

एक्स्टेन्शन लावले की फ्रिझ कमी होईल का?

होत नाही. शेंड्यांचा झिरझिरीतपणा झाकला जातो, लांबी आणि घेर मिळतो. डोक्याच्या वरच्या भागातला फ्रिझ आहे तसाच राहतो. उलट खाली गुळगुळीत लांब केस आले की वरचे पिंजारलेले जास्त डोळ्यांत भरतात. एक्स्टेन्शन निवडताना तुमच्या वाईट दिवसाचे केस समोर ठेवा, पार्लरमधून नुकतंच बाहेर पडल्यावरचे नकोत.

कोणता प्रकार घ्यावा?

सहा प्रकार सतत कानावर येतात. सगळ्यांना समान जागा देत नाही, कारण बारीक केसांसाठी ते समान नाहीत.

*क्लिप-इन.* सकाळी लावायचे, झोपताना काढायचे. पहिल्यांदाच घेत असाल तर इथूनच सुरुवात करा. मुळांना रात्रभर विश्रांती मिळते आणि लांबी आवडली नाही तर कुठे अडकायला होत नाही. सीमलेस म्हणजे सिलिकॉनच्या पातळ पट्टीवर बसवलेले क्लिप-इन बारीक केसांखाली सपाट बसतात. दोन-तीन पदरी शिवलेल्या पट्टीची फुगवटी वरून दिसते.

*हेलो.* पारदर्शक तारेवर सगळे केस, ती तार डोक्यावर टेकवायची आणि वरचे केस तिच्यावरून ओढून घ्यायचे. मुळांवर ताण जवळपास नाहीच. विरळ केसांसाठी मला हा सगळ्यात प्रामाणिक पर्याय वाटतो. पोनी वर बांधता येत नाही, ही याची मोठी मर्यादा.

*टेप-इन.* कायम राहणाऱ्या प्रकारांत बारीक केसांना बहुधा हाच सुचवला जातो, कारण साधारण ४ सेंटीमीटर रुंद पट्टीवर वजन पसरतं. पण सगळा खेळ मधल्या बटेचा आहे. दोन टेपांच्या मध्ये तुमची जी बट येते ती इतकी पातळ हवी की खालची टेप तिच्यातून अंधुक दिसावी, आणि रुंदीला टेपपेक्षा किंचित कमी हवी म्हणजे दोन्ही कडा एकमेकींना चिकटतील. बट जाड घेतली तर टेपा नीट चिकटत नाहीत आणि दोन आठवड्यांत घसरतात. फारच पातळ घेतली तर पट्टीचं सगळं वजन मोजक्या केसांवर लटकतं आणि ते मुळातून येतात. बारीक केसांसाठी एका बाजूला केसांची पट्टी आणि दुसऱ्या बाजूला नुसती एकेरी टेप, असंही लावतात. वजन निम्मं होतं. हे करता का, असं आधीच विचारा. उत्तरावरून समोरच्याचा बारीक केसांचा अनुभव कळतो.

*केराटिन बॉन्ड.* छोट्या बटा उष्णतेने मऊ केलेल्या केराटिनच्या गोळीने जोडतात. सुटसुटीत पडतात, पोनीतही दिसत नाहीत, तीनेक महिने राहतात. अडचण काढताना. द्रावण लावून पक्कडीने गोळी चुरडावी लागते आणि घाई केली तर बारीक केस गोळीबरोबर तुटतो. गोळ्या लहान आणि हलक्या असतील, लावणारा हात सराईत असेल, तरच.

*मायक्रो किंवा नॅनो रिंग.* धातूच्या बारीक कडीत तुमची बट आणि एक्स्टेन्शन दाबून बसवतात. गोंद नाही, उष्णता नाही. पण बारीक केस कडीतून घसरतो, आणि घसरू नये म्हणून कडी जास्त दाबली की तिथेच कापला जातो. मायक्रो नकोच. तिच्याहून लहान नॅनो चालू शकते.

*वेण्या घालून शिवलेले वेफ्ट, म्हणजे केसांच्या पट्ट्या.* नको. डोक्याला चिकटून घातलेल्या त्या वेण्यांनाच ताण लागतो, वर पट्टीचं वजन, आणि तो सगळा भार बारीक मुळांवर. टाळूला थेट गोंदाने चिकटवायचा प्रकार तर कोणाच्याच केसांना नको.

किती ग्रॅम केस घ्यायचे?

पूर्ण डोक्यासाठी १०० ते १५० ग्रॅम सांगतात. ते बारीक केसांना जास्त होतं. फक्त घेर हवा असेल तर ४०-६० ग्रॅम पुरतात, लांबीही वाढवायची असेल तर ८०-१०० ग्रॅम. जास्त घेतले की वरचा आपला पातळ पदर आणि खालचा जाडजूड झुबका अशी स्पष्ट रेघ दिसते. लांबीचंही तसंच. खांद्यापर्यंतचे केस एकदम कमरेपर्यंत नेले की बघणाऱ्याची नजर जोडावरच जाते. आपल्या केसांपेक्षा १० ते १५ सेंटीमीटर लांब हे सांभाळता येतं.

सरळ घेऊ की वेव्ही? आणि 'रेमी' म्हणजे काय?

तुमचे केस हवेत वाळल्यावर जसे होतात तसे घ्या. रोज इस्त्री करून सरळ करत असाल तरी किंचित लहरी असलेले जास्त सोयीचे पडतात, कारण दमट दिवशी तुमचे केस बदलतील आणि पूर्ण सरळ, प्रक्रिया केलेले केस फारसे बदलणार नाहीत.

रेमी केसांत सगळ्या केसांचे खवले (केसाच्या बाहेरच्या थरावरचे) मुळापासून शेंड्याकडे एकाच दिशेने असतात. उलटसुलट दिशेचे केस एकत्र केले की खवले एकमेकांत अडकून गुंता होतो. म्हणून स्वस्त मालात ते खवले आम्लाने काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. दुकानात असे केस रेमीपेक्षाही चकचकीत दिसतात! काही धुण्यांत थर उतरला की झिंज्या होतात. तपासायला एक बट चिमटीत धरून आधी मुळाकडून शेंड्याकडे आणि मग उलट बोट फिरवा. उलट दिशेने किंचित खरखर लागली तर चांगलं लक्षण. दोन्हीकडून काचेसारखं गुळगुळीत लागलं तर बहुधा थराचीच किमया.

सिंथेटिक केस एखाद्या दिवसाच्या हौसेसाठी ठीक. दमट हवेने त्यांना फ्रिझ येत नाही, पण मानेजवळ घासून गुंता होतो आणि साध्या सिंथेटिकला गरम इस्त्री लागली तर ते वितळतात.

रंग मुळांशी जुळवायचा की शेंड्यांशी?

शेंड्यांशी. एक्स्टेन्शन तिथेच मिसळतात. नमुना दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बघा. दोन छटांमध्ये अडलात तर एक्स्टेन्शन गडद करता येतात, फिके करायला जाऊ नका. त्यांच्यावर आधीच प्रक्रिया झालेली असते, ब्लीचने ते गवतासारखे होतात.

क्लिप दिवसभरात घसरतात. काय करू?

नुकत्याच धुतलेल्या बारीक केसांवर क्लिपला धरायला काहीच मिळत नाही. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी लावा. क्लिप जिथे बसणार तिथे मुळाशी थोडा ड्राय शाम्पू मारा आणि बोटभर रुंद बट कंगव्याने मुळाकडे दोन-तीनदा उलटी विंचरा, म्हणजे छोटी गादी तयार होते. क्लिपचे दात त्या गादीत घुसवून मग बंद करा. तरीही घसरत असेल तर त्या जागी अगदी बारीक, सैल वेणी घालून तिच्यावर क्लिप लावा.

जागाही महत्त्वाची. कपाळाच्या आणि कानाजवळच्या केशरेषेपासून दोन बोटं आत राहा, तिथले केस सगळ्यात नाजूक असतात. सगळ्यात वरची पट्टी भुवयांच्या टोकांच्या रेषेपेक्षा वर नको, वाऱ्याने उघडी पडते. आणि रोज जागा थोडी वर-खाली करा. एकाच बटेवर महिनोन्महिने क्लिप लावली तर ती बट तुटूनच थांबते.

नवीन लावल्यावर टाळू दुखते. हे चालतं का?

पहिले एक-दोन दिवस थोडं अवघडल्यासारखं वाटणं वेगळं. डोकं हलवताना ओढ बसणं, मुळाशी लाल किंवा पांढऱ्या पुळ्या येणं, उशीवर डोकं टेकवता न येणं हे चालत नाही. 'सवय होईल' असं कोणी म्हटलं तरी परत जाऊन त्या बटा काढायला लावा. सततच्या ताणाने केस जाण्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. सुरुवातीला ताण काढला की केस परत येतात. वर्षानुवर्षं ताण राहिला तर मूळ कायमचं निकामी होतं आणि तिथे पुन्हा केस येत नाहीत. कानशिलावरचे केस मागे सरकताहेत का, यावर फोटो काढून लक्ष ठेवा. आरशात रोज बघून तो फरक कळत नाही.

केस धुवायचे कसे?

टेप किंवा बॉन्ड लावल्यावर पहिले ४८ तास पाणी नको. नंतर उभ्याने, शॉवरखाली, डोकं मागे करून धुवा. पुढे वाकून धुतलेत तर सगळे जोड उलटे होतात आणि गुंता मुळाशी बसतो. शाम्पू टाळूवर बोटांच्या पेरांनी, रांगांच्या मधून लावा. कंडिशनर कानाच्या खालीच. जोडावर गेला तर टेप सुटते. वाळवताना जोड आधी कोरडे करा. ते तासन्‌तास ओले राहिले की चिकटपणा जातो आणि टाळूला वासही येतो.

एक्स्टेन्शनना तुमच्या टाळूचं नैसर्गिक तेल पोचत नाही, त्यामुळे शेंडे तुमच्या केसांपेक्षा लवकर रखरखीत होतात. मास्क फक्त तिथेच.

तेल लावता येईल का?

क्लिप आणि हेलो काढून ठेवून खुशाल लावा, आणि नीट धुतल्यावरच परत घाला. टेप असेल तर मुळाशी तेल नाही म्हणजे नाही. टेप काढायच्या काही द्रावणांतही तेलच असतं, यात सगळं आलं. शेंड्यांना थेंबभर चालेल.

फ्रिझसाठी मग काय लावू?

कमीत कमी. ओल्या केसांना हलका लीव्ह-इन (धुवून न टाकायचा कंडिशनर), वाळल्यावर शेंड्यांना सिलिकॉन सीरमचा एक थेंब तळहातावर चोळून. बटर, जाड क्रीम, जेलचे थर हे कुरळ्या, जाड केसांचे लाड आहेत, बारीक केस त्याने तासाभरात चिप्प होतात. हवा फार दमट असेल त्या दिवशी ग्लिसरीन जास्त असलेलं उत्पादन टाळून बघा, ते ओलावा ओढतं. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद केलं आणि जुन्या सुती टी-शर्टने केस नुसते दाबून पाणी टिपलं, तरी बराच फरक पडतो. भांगाजवळ उभे राहिलेले छोटे केस बसवायला स्वच्छ टूथब्रशवर थोडा हेअर स्प्रे मारून वरून हलकेच फिरवा.

इस्त्री, कर्लर चालेल?

१५० ते १७० अंश सेल्सिअस पुरे, आधी उष्णतारोधक स्प्रे. ओल्या केसांवर इस्त्री कधीच नको. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तिथेच तो तुटतो. जोडापासून तीन-चार सेंटीमीटर लांब राहा, टेप आणि केराटिन दोन्ही उष्णतेने मऊ पडतात. तुमचे आणि एक्स्टेन्शनचे केस एकाच बटेत घेऊन हलकी लहर दिली की जोड सगळ्यात चांगला लपतो.

रात्री झोपताना?

पूर्ण वाळवा, गुंता काढा, सैल वेणी घाला. सॅटिनची उशी असेल तर उत्तम. ओल्या केसांनी झोपलात तर सकाळी मानेवर वाळलेला गुंता कात्रीशिवाय सुटत नाही.

विंचरताना जोड ओढले जातात.

एका हाताने जोडाच्या खाली केसांची मूठ धरा आणि शेंड्यांकडून वर वर या. दिवसातून दोनदा बोटांनी रांगांमध्ये चाचपून शेजारचे जोड एकमेकांना चिकटले नाहीत ना ते बघा, चिकटले असतील तर तेव्हाच सोडवा.

काढल्यावर केसांचा पुंजका हातात आला! टक्कल पडेल का?

घाबरण्याआधी हिशेब करा. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. ७० धरले तर ९० दिवसांत ६३००. त्यातले पाव केस जोडांत अडकलेले असतील तर दीड हजारांहून जास्त गळलेले केस खाली न पडता तिथेच राहिले आणि आज एकदम दिसले. त्या केसांच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर ते मुळातून, आपल्या वेळेला गळालेत. ठिपका नसलेले, वेगवेगळ्या लांबीचे तुकडे बरेच दिसले तर मात्र केस तुटताहेत. मग पुन्हा लावण्याआधी काही महिने थांबा.

किती दिवसांनी पुन्हा बसवायचे?

टेप ६ ते ८ आठवड्यांनी. केस महिन्याला १ सेंटीमीटरहून थोडे जास्त वाढतात, म्हणजे दोन महिन्यांत जोड दोन-अडीच सेंटीमीटर खाली येतो, लोंबकळतो, गोल फिरतो आणि वरच्या बारीक केसांना पीळ देतो. 'अजून नीट दिसतायत' म्हणून ढकललेला महिना सगळ्यात जास्त नुकसान करतो. आणि घरी ओढून काढू नका.

कोणी लावूच नयेत?

बाळंतपण, मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा अचानक वजन घटणं यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी भरपूर केस गळतात आणि पुढे बहुधा आपोआप थांबतात. त्या काळात नको. टाळूवर सोरायसिस, जखमा, संसर्ग असेल, केमोथेरपी चालू असेल, चाई पडली असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गळती झाकण्यासाठीच एक्स्टेन्शन हवे असतील तर तेव्हाही आधी कारण शोधा.

गोंदाची ॲलर्जी होते का?

होऊ शकते. काही गोंदांत ॲक्रिलेट असतं, वेफ्टच्या काही गोंदांत लॅटेक्स. कानामागे नमुना लावून ४८ तास थांबायला सांगा. नखांच्या जेलने किंवा पापण्यांच्या गोंदाने पूर्वी खाज सुटली असेल तर आवर्जून सांगा.

एमआरआय काढायचा आहे.

रिंग असोत की क्लिप, धातूची गोष्ट आहे. वेळ घेतानाच केंद्राला सांगा. क्लिप काढता येतील, रिंग आधी सलूनमध्ये काढाव्या लागू शकतात.

पोहायला जाता येईल?

जाता येईल. आधी साध्या पाण्याने केस भिजवा, वेणी घाला, टोपी घाला आणि बाहेर आल्याबरोबर धुवा. क्लिप-इन घालून पाण्यात उतरू नका.

एकदा घेतलेले केस किती टिकतात?

चांगले टेपचे केस नवीन टेप लावून दोन-तीनदा पुन्हा बसवता येतात. क्लिप-इन रोज न घालता जपून वापरले तर वर्षभर सहज जातात. १५-२० वेळा घातल्यावर किंवा उत्पादनांनी चिकट झाल्यावरच धुवा, दर वेळी नाही. वाळवताना टॉवेलवर सपाट पसरा, क्लिपवर टांगू नका, ओल्या वजनाने शिवण सैल होते. ठेवताना पट्ट्या एकावर एक ठेवून सैल वेणी घाला आणि कापडी पिशवीत ठेवा. शेंडे झिरझिरीत झाले की टाकून देऊ नका, चार-पाच सेंटीमीटर कापून घेतले की आखूड पण भरलेला संच हातात येतो, आणि बारीक केसांवर तो बरेचदा नव्यापेक्षा चांगला मिसळतो.